डाव्या तोंडाची गोगलगाय

६ जुलै

पंडितास अनेक आशीर्वाद. मागचे कुठे खर्च केलेस ते न विचारता नवे पाठवते आहे.

सामान लागलं एकदाचं. ह्यांना पंपघरावर नेमलं म्हणून टेकडीवर आलो खरे, पण घरात ह्यांच्यापेक्षा पाण्याचाच मुक्काम जास्त. भिंती ओल्या, उशा ओल्या, काड्यापेटीसुद्धा ओली. शिवणयंत्राला रोज तेल पाजावं लागतं. गिऱ्हाईक मात्र भरपूर आहे. इथल्या बायकांचे कपडे आजवर कुणी शिवले देव जाणे, खांद्याची शिवण पार दंडावर उतरलेली.

आता कामाचं. स्वयंपाकघराच्या मागे एक दगडी भिंत आहे. वरच्या टाकीचं पाणी पाझरून ती सगळी शेवाळली आहे. सकाळी तिच्यावर गोगलगाई असतात. कोटाच्या बटणाएवढ्या, तपकिरी आणि, हसायचं नाही, केसाळ. म्हणजे शंखावरच केस. मखमलीवरून उलटा हात फिरवला की दिसते तशी. आणि शंखाचं तोंड मला डावीकडे वाटलं.

ही तीच टेकडी ना रे? मामा मोजणीखात्यात असताना साखळ्या घेऊन हिंडले होते ती? इथूनच त्यांनी ते तीन पांढरे शंख आणले होते, डाव्या तोंडाचे, आणि तुमच्या संग्रहालयाने ते इथले नाहीतच असं ठरवलं होतं. मी तेव्हा शाळेत होते, पण मामा त्या दिवशी जेवायला उठले नाहीत हे अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं: त्या टेकडीवरची एक जिवंत गोगलगाय कुणीतरी दाखवा, मग मी जायला मोकळा.

मामांना विचार. तू मध्येच न्यायाधीश होऊ नकोस.

तुझी ताई


१९ जुलै

ति. ताईस साष्टांग नमस्कार. कंबरेने आठांपैकी तीन अंगांना रजा दिली आहे, तेव्हा उरलेल्या पाचांवर गोड मानून घे.

तुझं पत्र संग्रहालयात नेऊन वाचलं. तुला माहीतच आहे, जन्मभर संस्कृत घोकून मी शेवटी शंख राखायला बसलो. माझी सगळी नोकरी सप्तमी विभक्तीत चालते. कोण, काय, कसं हे इतरांनी बघावं. मी फक्त ‘कुठे’ ते लिहितो. खडकाळ किनाऱ्यावर दगडांखाली कवडी. खाडीच्या चिखलात शिंपला. वाळूत सुईसारखा लांबुडका शंख. आणि बागेत, कुंडीत, कोबीच्या गड्ड्यात आणि आता तुझ्या भिंतीवर, साधी गोगलगाय.

ताई, मामांचे तीन शंख माझ्याच खोलीतल्या कपाटात आहेत, तिसऱ्या खणात. बशीसारखे पांढरेशुभ्र, गुळगुळीत, कडेने एकच बदामी पट्टा. त्यांच्यावर केस नाहीत. मीच अर्धा टकला झालो, पण ते पहिल्यापासून तसेच आहेत. तू लिहितेस ते साध्या गोगलगाईचं पोर असणार, अंगाला शेवाळ चिकटलेलं. तोंडाचं म्हणशील, तर शंख उलटा धरला की डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं होतं. संग्रहालयात येणारा प्रत्येक जण तीच चूक करतो. वकील आणि डॉक्टर जरा जास्तच.

त्या वेळच्या आमच्या प्रमुखांचं म्हणणं तुला नीट ठाऊक नसेल. शंख जमिनीवरच्या गोगलगाईचे, हे त्यांना मान्य होतं. पण मामांच्या पिशवीत त्याच वेळी मुलांना वाटायला एका व्यापाऱ्याकडून आणलेले समुद्रातले शंखही होते. तेव्हा हे तीनही त्याच व्यापाऱ्याच्या पोत्यातून, कुठल्यातरी लांबच्या बेटावरून आलेले, असं त्यांनी ठरवलं. खणातल्या पट्टीवर टेकडीचं नाव राहिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह बसलं. मामांनी पुन्हा टेकडी चढायची परवानगी मागितली, तोवर त्यांची बदली झाली, मग गुडघे गेले. राहिलंच ते.

मामांना तुझ्या पत्राचं सांगितलेलं नाही. रागावू नकोस. मागे एका निवृत्त गृहस्थांनी समुद्रातला शंख परसात पुरून, उकरून, ‘त्या टेकडीवर सापडला’ म्हणून आणून दिला होता. मामा चार दिवस तरुण झाले होते आणि मग महिनाभर म्हातारे. आता तर डॉक्टर म्हणतात, हृदय कागदाचं झालंय, आनंदाचा धक्कासुद्धा नको. माझ्या घरी त्यांची खाट खिडकीशी लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चालीवरून त्यांचे व्यवसाय ओळखतात आणि बहुतेक चुकतात.

तेव्हा हे आपल्या दोघांतच. ह्यांना नमस्कार. पंपाला पण.

तुझा पंडित


२ ऑगस्ट

पंडित,

न्यायाधीश होऊ नकोस म्हटलं, तर तू निकाल देऊन वर फिर्यादीला उलटं धरायची शिक्षाही सुनावलीस.

शंख कसा धरायचा ते मामांनी आपल्या दोघांनाही एकाच पायरीवर बसवून शिकवलं होतं. टोक वर, तोंड आपल्याकडे. तू तेव्हा बोरं खात होतास, म्हणून मला जास्त लक्षात आहे. मी तसंच धरून पाहिलं. तोंड माझ्या डाव्या हाताकडे येतं. हे चिडवायला म्हणाले, तुझा डावा की तिचा? त्यावर दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

आणि शेवाळ असतं तर पुसलं गेलं असतं. मी फडक्याने हळूच पुसून पाहिलं. पुसलं जात नाही. केस ओळीने बसलेले आहेत, नीट, कुणीतरी टाके घातल्यासारखे. चोवीस तास कापडात बोटं असणाऱ्या बाईला लव आणि मळ यातला फरक कळतो रे.

एक विचारू? तू ह्यातली एकतरी चालताना पाहिली आहेस का? कुठलीही. तुझ्या खोलीत इतके शंख आहेत, त्यांतला एखादा कधी हललाय का?

जिवंत पाठवायची तयारी आहे, पण टपालात तिचं काय होईल ते मला कळतं. मारून पाठवायची तयारी नाही. रिकामा शंख अजून कुठे मिळाला नाही. शोधते.

मामांना एकदा विचारून तर बघ. धक्का बसतो म्हणून माणसाला काही सांगायचंच नाही, मग त्याने खिडकीतून दिवस कसे ढकलायचे?

ताई


२४ ऑगस्ट

ताईस नमस्कार, आज संक्षेपाने. आमच्याकडे सगळ्या स्थळांची यादी नव्याने करायचं फर्मान निघालं आहे. कुठली जात कुठे मिळते, कुठे मिळत असे, कुठे आता मिळत नाही. शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त लिहावं लागतं. मी हात दुखेपर्यंत ‘पूर्वी’ हा शब्द लिहितो आहे.

तुझा प्रश्न बोचला. चालताना पाहिली आहे, लहानपणी, घंगाळाजवळ. त्यानंतर आठवत नाही. पण ताई, ओळख पटवायला चाल लागत नाही. मृच्छकटिक शिकवायला मातीची गाडी ओढावी लागत नाही. केसाळ गोगलगाई असतात, नाही असं नाही, पण त्या दुसऱ्या कुळातल्या, आणि मामांचे शंख त्या कुळात बसत नाहीत. डावं तोंड मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही. रिकामा शंख मिळाला तर पाठव, एका दृष्टिक्षेपात सांगतो.

मामा हल्ली गप्प असतात. परवा विचारलं, ताईचं पत्र होतं का, काय म्हणते? मी म्हटलं, भिंतींना ओल आहे म्हणते. मग म्हणाले, माझे ते तीन शंख एक दिवस घरी आण, भिंग लावून बघायचे आहेत. मी म्हटलं, मामा, खणातली वस्तू बाहेर नेता येत नाही, आणि नियम पाळायला तुम्हीच मला शिकवलंत. त्यांनी मान हलवली. पुन्हा विषय काढला नाही. वय झालं की माणूस जुन्या वस्तू हातात घेऊ पाहतो. परवानगीचा अर्ज टाकीन म्हणतो, ही यादी संपली की.

पंडित


१२ सप्टेंबर

पंडित,

सोबत काडेपेटी आहे. ओली नाही, चुलीजवळ वाळवली. आत कापसात शंख आहे. भिंतीच्या तळाशी मातीत अर्धा रुतलेला मिळाला. पावसाने बहुतेक केस गेलेत.

मी काही म्हणत नाही. तू बघ आणि मामांना सांगायचं की नाही तेही तूच ठरव. फक्त लवकर बघ.

ताई


१० ऑक्टोबर

ताई,

फोनवर तू जेवढं ऐकलंस त्याहून जास्त सांगण्यासारखं नाही. खालचा रस्ता खचल्यामुळे तुला येता आलं नाही, याची रुखरुख लावून घेऊ नकोस. तू आली असतीस तरी त्यांना कळलं नसतं. शेवटचे दोन दिवस ते कुणालाच ओळखत नव्हते. नर्सला मोजणीखात्यातल्या कुणाच्या तरी नावाने हाक मारत होते आणि तीही ओ देत होती. भली बाई.

तुझी काडेपेटी त्यांना दवाखान्यात हलवलं त्याच दिवशी आली. मी ती कोटाच्या खिशात टाकली. मग तो कोट दवाखान्याच्या खुर्चीवर, मग घरी खुंटीवर. सगळं आटोपून कामावर गेलो, तेव्हा पेनासाठी खिशात हात घातला आणि ती हाताला लागली.

पांढरा आहे. कडेने बदामी पट्टा. टोक वर, तोंड माझ्याकडे. डावीकडे उघडतो, ताई.

तिसरा खण काढून चारही शेजारी ठेवले. चौथा कुठला ते मलाही क्षणभर सांगता येईना. मग तुझा तो भिंगाखाली धरला. तोंडाजवळच्या घळीत, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे केस होते. झिजलेल्या ब्रशासारखे, ओळीने, तू म्हणाली होतीस तसे टाके घातलेले. आणि मग मामांचे तीन भिंगाखाली धरले. त्यांच्याही घळीत आहेत. थोडेच, पण आहेत. इतकी वर्षं मी त्यांना धूळ समजून फुंकर मारत आलो.

जिवंतपणी ती केसाळ आणि तपकिरी असते. मेल्यावर केस झडतात, साल उतरते, मग पांढरी बशी उरते. मामांना मिळाले ते ओढ्याने धुतलेले, आणि मी पाहिले ते खणातले. म्हणजे ती मेल्यावर कशी दिसते एवढंच मला येत होतं आणि त्या भांडवलावर मी तुला जिवंत गोगलगाय शिकवत होतो.

प्रश्नचिन्ह खोडायची परवानगी नव्या प्रमुखांनी पाच मिनिटांत दिली. अभिनंदनही केलं. मी ते घेतलं, दुसऱ्या कुणाला द्यायचं ते सुचेना म्हणून.

मामांना कळलं नाही. कळू दिलं नाही. त्यांना खोट्या आशेपासून वाचवत होतो मी.

पंडित


२९ ऑक्टोबर

पंडित,

दोनदा लिहून फाडलं. आता फाडत नाही.

मामांना ठाऊक होतं.

त्यांचा फोन आला होता, जुलै सरता सरता, दुपारी, तू कामावर असताना. तुझ्या घरच्या टेबलावर माझं पत्र उघडंच होतं म्हणाले, आणि दुसऱ्याची पत्रं वाचायची नाहीत हे तुम्हांला शिकवलं असलं तरी मी स्वतः ते कधीच शिकलो नाही, असंही म्हणाले. आवाज असा, की मला वाटलं दुसराच कुणी बोलतोय. खूप प्रश्न विचारले. केस बोटाला टोचतात का? दिवसा कुठे लपते? भिंत चढताना शंख एका अंगाला कलतो का? मी फोन बाजूला ठेवून मागे जाऊन बघून आले, एवढा वेळ ते थांबले. पावसामुळे एक बाहेर होती. कलतो म्हटलं. कुठल्या अंगाला, म्हणाले. डाव्या, म्हटलं. मग नुसता श्वास ऐकू येत होता. मी घाबरले. तर म्हणाले, काही नाही गं, उठून बसलोय.

त्यांनी तुला गोगलगाईचं काहीच विचारलं नाही, कारण तू आपण होऊन सांगशील म्हणून वाट बघत होते. पंडित येईल, भिंग घेऊन येईल, मी काही माहीत नसल्यासारखा चेहरा करीन, असं म्हणाले. चेहऱ्याची तालीमही करून ठेवली होती म्हणे.

तू सांगितलं नाहीस. मग तुझं ऑगस्टमधलं पत्र मला आलं आणि पाठोपाठ त्यांचा फोन. पंडित काय म्हणतो? मी वाचून दाखवलं. तुझी मातीची गाडी ऐकून हसलेसुद्धा. मग म्हणाले, नाही म्हणतो, मग नाही. मी भांडले. मामा, तुमच्या कानांनी ऐकलंत ना, कलते ती, मग? तर म्हणाले, त्याची नजर मी घडवली आहे. माझ्या पोरासारखा आहे तो, त्याच्या नजरेवर शंका घ्यायची तर मी इतकी वर्षं काय केलं?

तुला कळवायला हवं होतं, की ते वाट बघतायत, भिंग घेऊन घरी जा. नाही कळवलं. त्यांनी नको म्हटलं होतं म्हणून, आणि थोडी मीच तुझ्यावर रागावले होते म्हणूनही. शंख मिळाला की तुझं तोंड बंद करीन, असा माझा बेत होता. म्हणून आधी शंख शोधत बसले. तो मिळेपर्यंत पावसाळा सरत आला.

तू एकटाच दोषी होऊ नकोस. तेवढी ऐसपैस जागा तुला मी देणार नाही.

ताई


७ नोव्हेंबर

ताई,

पत्र वाचून दिवसभर कामात काही चुका केल्या. एका समुद्री शंखाला डोंगरावर चढवलं. शिपायाने दाखवून दिलं.

मला आता त्यांचं ते शंख घरी मागणं कळलं. भिंग लावून त्यांना घळीतले केसच बघायचे होते. नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं. आणि मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी मान हलवली तेव्हा मला वाटलं, पटलं.

खरं सांग, आणि माझी कीव करून सांगू नकोस. शेवटी त्यांनी कुणाचं मानलं? तुझं की माझं? माझं मानून गेले असतील तर मला तसं कळू दे. त्यांना जे मिळालं नाही ते मी स्वतःसाठी गोड करून घेणार नाही.

पुढच्या आठवड्यात रजा मिळते आहे. येऊ का? मला ती चालताना बघायची आहे.

पंडित


१५ नोव्हेंबर

पंडित,

तुझंच मानलं. विचारलंस म्हणून सांगितलं.

पण आणखी एक फोन होता, सप्टेंबरच्या सुरुवातीला. आवाज खोल गेला होता. इकडची तिकडची चौकशी केली, ह्यांच्या पंपाची, माझ्या यंत्राची. मग म्हणाले, तुमच्या पंपघरावर दर वर्षी भिंती घासून चुना मारतात ना? मी म्हटलं, हो, पाऊस थांबला की मारतात. म्हणाले, मागच्या भिंतीला लावू देऊ नका. शेवाळ काढू नका. टाकीची गळतीही एवढ्यात दुरुस्त करू नका, जावईबापूंना सांग मी सांगितलंय म्हणून.

मी म्हटलं, मामा, पण ती नाहीये ना? पंडित नाही म्हणतो ना?

“नाहीये,” म्हणाले. “पण राहू दे तिला.”

मला रडू आवरेना. म्हटलं, मी आत्ता पंडितला फोन करते. तर जोरात नको म्हणाले. इतकं जोरात ते पुष्कळ दिवसांत बोलले नसतील. मग सावकाश म्हणाले, “तो चुकलाय हे त्याला कळायचंच आहे, तर मी गेल्यावर कळू दे. माझ्यासमोर त्याला मान खाली घालावी लागायला नको.”

हे तुला सांगणार नव्हते. तुझ्या त्या प्रश्नाने सांगायला लावलं.

ये. हे मागची भिंत सोडून सगळ्या घराला चुना मारून बसलेत, तेव्हा घर दुरूनच ओळखू येईल. थंडी पडायला लागली आहे, आता त्या दोनचारच बाहेर दिसतात आणि तेही उजाडता उजाडता. लवकर उठावं लागेल. मागच्या दाराने उतरताना पायाखाली बघ, कधीकधी पायरीवर असतात.

ताई